सांडपाण्यातून नशेचा अंदाज: मराठवाड्यातल्या शहरात करायचा तर सुरुवात कुठून?

गोदाकाठ (धागाकर्ता)

संभाजीनगरातल्या ‘बटन’ गोळ्या (झोपेचं औषध नायट्राझेपाम), तुळजापूरचं एमडी, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाचं, प्रकरण, एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यात सापडलेला मेफेड्रोनचा कारखाना. या सगळ्या बातम्या पकडलेल्या मालाच्या आहेत. नाकाबंदी वाढली की पकडलेला माल वाढतो, बंदोबस्त यात्रेकडं वळला की घटतो. शहरात रोज किती गोळ्या पोटात जातात, ते यातून कळत नाही. व्यसनमुक्ती केंद्रांच्या नोंदी खऱ्या असल्या तरी उशिराच्या असतात. पोरगा तिथवर पोचेपर्यंत घरची काही वर्षं गेलेली असतात.

यावर बाहेरच्या देशांत वापरात असलेला एक मार्ग म्हणजे एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) तोंडाशी येणारं सांडपाणी तपासणं. ही कल्पना २००१ मध्ये मांडली गेली. इटलीत मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेनं पो नदीत आणि सांडपाण्यात कोकेनचे अवशेष मोजून २००५ मध्ये ती प्रत्यक्ष करून दाखवली. २०११ मध्ये युरोपातल्या १९ शहरांनी एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीनं नमुने घेतले. स्कोअर नावाच्या त्या संशोधक गटाची मोजणी आजही दरवर्षी होते. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून सुरू आहे.

गणित दिसायला सोपं आहे. शरीर घेतलेल्या पदार्थाचा काही भाग जसाच्या तसा आणि काही भाग बदलून बाहेर टाकतं. २४ तासांचा मिश्र नमुना घ्या, प्रमाण मोजा आणि त्याला दिवसभराच्या प्रवाहानं गुणा. शरीर जितके टक्के बाहेर टाकतं त्यानं भागा, मग लोकसंख्येनं भागा. उत्तर येतं दर हजार माणसांमागं रोज किती मिलिग्रॅम.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडं हे काम यंत्रावाचून अडणार नाही. द्राक्ष-डाळिंबातले कीटकनाशकांचे अवशेष शोधणाऱ्या प्रयोगशाळांकडं लागतं तेच यंत्र असतं, एलसी-एमएस/एमएस, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून रेणूच्या वजनावरून ओळखणारं. अडेल ते प्रवाहात आणि लोकसंख्येत. मराठवाड्यात पाणी रोज येत नाही आणि बरीच घरं गटाराला जोडलेली नाहीत, हे धरूनच आखणी करावी लागेल. माहीतगारांनी आपापल्या भागाचं नेमकं लिहावं.


खाम_थडी

धागा चांगला काढलात. नमुन्याच्या जागेपासून सुरू करतो, कारण तिथं चुकलं की पुढं कितीही भारी यंत्र असलं तरी उपयोग नाही.

जागा एसटीपीच्या आत, जाड जाळीनंतर आणि ग्रिट चेंबरच्या (वाळू खाली बसवायच्या हौदाच्या) आसपास असावी. मात्र आवारातलं परतीचं पाणी जिथं मिसळतं त्याच्या आधीच घ्या. गाळ पिळणाऱ्या सेंट्रिफ्यूजचं पाणी, गाळ वाळवायच्या वाफ्यांतून निथळलेलं पाणी, फिल्टर धुतलेलं पाणी बहुतेक ठिकाणी परत इनलेटला सोडतात. ते आलं की दोन दिवसांपूर्वीचं शहर आजच्या शहरात मिसळलं. पाइपिंगच्या नकाशावर विसंबू नका, ऑपरेटरला सोबत घेऊन पाइप डोळ्यांनी बघा.

क्षमता म्हणजे प्रवाह नव्हे. संभाजीनगरातला कांचनवाडीचा प्लांट १६१ एमएलडीचा (दिवसाला १६१ दशलक्ष लिटरचा) आहे म्हणून रोज १६१ एमएलडी पाणी येतं असं धरून गुणाकार केला तर सगळं फुगून दिसेल. मीटरचाच आकडा घ्या, तोही तपासून. पार्शल फ्ल्यूमवर (प्रवाह मोजायला मध्येच अरुंद केलेल्या नालीवर) अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल तर तीन गोष्टी बघा. पहिली, सेन्सरखाली फेस साचतो का. साचत असेल तर पातळी चुकते, कारण ध्वनिलाट फेसावरून परत येते किंवा परतच येत नाही. दुसरी, फ्ल्यूमच्या पुढच्या बाजूला पाणी तुंबून मागं रेटतं का. पुढची पातळी मागच्या पातळीच्या साधारण ६० ते ७० टक्क्यांवर गेली की नेहमीचं सूत्र लागू पडत नाही. तिसरी, शून्य बरोबर आहे का. मीटरवरची पातळी आणि स्टीलच्या पट्टीनं मोजलेली पातळी दिवसातून तीनदा ताडून लिहा. प्रवाह पातळीच्या साधारण दीडपट घातानं वाढतो, म्हणून पातळीत ५ टक्के चूक झाली तर प्रवाहात साडेसात-आठ टक्के होते.

आता नमुना. सकाळी दहाला बादलीभर पाणी काढून दिवसाचा अंदाज बांधता येत नाही. थोड्याच लोकांनी घेतलेला पदार्थ गटारात सारखा पसरलेला नसतो, एकेका फ्लशच्या गठ्ठ्यानं येतो. लाखाच्या वस्तीत १०० जणांनी घेतला आणि प्रत्येकाचे पाच फ्लश धरले तर दिवसाला ५०० गठ्ठे, म्हणजे सरासरी तीन मिनिटाला एक. तासाला एकदा नमुना घेतलात तर बहुतेक गठ्ठे निसटतील. दर १० मिनिटांनी घ्या, ५ मिनिटांनी जमलं तर उत्तम.

ऑटोसॅम्पलर (ठरल्या वेळी आपोआप नमुना ओढणारं यंत्र) प्रवाहमीटरला जोडता आला तर प्रश्न मिटला. नसेल तर २४ बाटल्यांचा घ्या. दर १० मिनिटांनी ८० मि.ली., म्हणजे तासाच्या बाटलीत ४८० मि.ली. जमतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाटली हलवून त्या तासाच्या प्रवाहाच्या प्रमाणात मिसळा. दर दशलक्ष लिटरमागं ५० मि.ली. धरा. सकाळी आठच्या तासाला ३ दशलक्ष लिटर आलं तर १५० मि.ली., पहाटे तीनच्या तासाला ०.८ आलं तर ४० मि.ली. दिवसाचे ४० एमएलडी असतील तर बरोबर २ लिटर मिश्रण होतं. सगळ्या बाटल्या सारख्या मापानं मिसळल्या तर पहाटेच्या पाण्याला उगाच जास्त वजन मिळतं.

आपल्याकडची मुख्य अडचण नळीच्या तोंडाची. चिंध्या, सॅनिटरी पॅड आणि गुटख्याच्या पुड्या. तोंडाची जाळी बुजली की सॅम्पलर मुकाट्यानं हवा ओढत राहतो आणि सकाळी सहा बाटल्या रिकाम्या मिळतात. प्रत्येक खेचीआधी नळी उलटी फुंकायची सेटिंग चालू ठेवा, तोंड तळाला टेकवू नका, तरंगतंही ठेवू नका. आणि रात्री एक माणूस तिथं हवाच.


दुधना

एक शंका. आमच्या इकडं पाणी दिवसांआड, काही भागांत तर आठवड्यातून एकदा-दोनदा. पाणी आलं त्या दिवशी धुणंभांडी, टाक्या भरणं, अंगणं धुणं. त्या दिवशी गटाराला पूर येतो. मग आकडे वरखाली होणारच की?


खाम_थडी

दुधना, प्रमाण वरखाली होईल, एकूण भार, म्हणजे दिवसभरात आलेला एकूण पदार्थ, होणार नाही, आणि आपल्याला भारच हवा. पाण्याच्या दिवशी लिटरमागं प्रमाण निम्मं झालं आणि प्रवाह दुप्पट झाला तर गुणाकार तोच. म्हणून नुसतं नॅनोग्रॅम प्रति लिटर छापून शहराशहरांची तुलना करणं हा इथं चुकीचाच मार्ग. जयंती, सण, पाण्याचा दिवस, सगळं त्यात मिसळून जातं.

मोठ्या प्लांटवर वेगवेगळ्या झोनचे पाण्याचे दिवस एकमेकांना भरून काढतात. लहान प्लांटवर तसं होत नाही. तिथं सलग सात दिवस नाही तर पाणीवाटपाचं एक पूर्ण चक्र मोजा. चक्र नऊ दिवसांचं असेल तर नऊ दिवस. झोनचं वेळापत्रक पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हमनकडून घ्या. कागदावरचं वेगळं असतं.

दुसरं, दरडोई १३५ लिटर पुरवठा आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी हा सरकारी मलनिस्सारण मॅन्युअलचा हिशोब लावून प्रवाह काढू नका. बोअर आणि टँकरचं पाणी त्यात धरलेलं नसतं, आणि उन्हाळ्यात पुरवठाच तेवढा नसतो. पावसाळ्यात वळवलेल्या नाल्यांतून पावसाचं पाणी आत येतं. पहिली मोजणी जानेवारी-फेब्रुवारीत करा. प्लांटच्या वरच्या अंगाला शेतकरी मोटार लावून नाल्याचं पाणी उचलत असतील तर तेवढा भार प्लांटवर पोचतच नाही. एकदा नाला चालत जाऊन मोटारी मोजून या.


मांजरा

मी रसायनाच्या बाजूनं लिहिते. पहिला मुद्दा, युरोपची यादी उचलून आणू नका. तिकडं कोकेन, एमडीएमए, अँफेटामीन, मेथअँफेटामीन आणि गांजा मोजतात. आपल्याकडं पानटपरीपासून मेडिकलपर्यंत जे फिरतं ते अल्प्राझोलम आणि नायट्राझेपाम (घबराटीच्या-झोपेच्या गोळ्या), कोडीनचं कफ सिरप, ट्रामाडोल (वेदनाशामक), गांजा आणि आता मेफेड्रोन. हीच यादी हवी. कोकेनपासून शरीरात बनणारं बेंझॉयलएक्गोनीन मात्र ठेवा, कारण ते टिकाऊ आहे आणि पद्धत बरोबर चाललीय का ते तपासायला उपयोगी पडतं.

प्रत्येकाचं वागणं वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अल्प्राझोलमचा सुमारे पाचवा हिस्सा लघवीत न बदलता येतो. बाकीचा बराचसा अल्फा-हायड्रॉक्सीअल्प्राझोलम होऊन ग्लुकुरोनाइडच्या रूपात (बाहेर टाकता यावं म्हणून शरीरानं साखरेसारखा रेणू जोडलेल्या रूपात) येतो आणि गटारातले जिवाणू ते जोड तोडतात. म्हणून दोन्ही मोजा. मूळ औषध भरपूर आणि हायड्रॉक्सी रूप जवळपास नाही, असं दिसलं तर गोळ्या पोटात न जाता संडासात ओतल्या गेल्या असं समजा. धाड पडायच्या भीतीनं तसं होतं.

नायट्राझेपाम, म्हणजे बटन, मूळ रूपात फारच थोडं येतं. त्याऐवजी ७-अमिनोनायट्राझेपाम मोजतात. इथं एक अडचण आहे. गटारातले प्राणवायूविना जगणारे जिवाणूही नायट्राझेपामचं हे रूप करतात, म्हणून ओतलेल्या गोळ्या आणि खाल्लेल्या गोळ्या यांतला फरक यातून करता येत नाही. एखाद्या दिवशी एकदम सुळका दिसला तर त्या दिवशी लगेच निष्कर्ष काढू नका.

कोडीन मुख्यतः ग्लुकुरोनाइडच्या रूपात बाहेर पडतं आणि त्याचा काही भाग शरीरात मॉर्फिन होतो. सांडपाण्यात मॉर्फिन दिसलं की हेरॉइन असं ओरडू नका. त्यात कोडीनचा वाटा असतो, कॅन्सरच्या रुग्णांना दिलेल्या मॉर्फिनचा असतो आणि खसखशीचाही असतो. खसखशीत मॉर्फिन आणि कोडीनचा अंश असतो. दिवाळीत घरोघरी अनारसे होतात, म्हणून तो आठवडा टाळा किंवा वेगळा नोंदवा. हेरॉइनचं खास चिन्ह ६-मोनोअसेटाइलमॉर्फिन, पण ते फार थोडं बाहेर येतं आणि गटारात टिकत नाही. आपल्या उन्हात तर नाहीच.

ट्रामाडोल टिकाऊ आहे आणि सुमारे ३० टक्के न बदलता येतं. एप्रिल २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या, कायद्याखाली आहे, पण दुखण्यावरचं औषध म्हणून कायदेशीर वापरही मोठा. तो वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

मेफेड्रोन आम्लात टिकतं, सामूच्या (पीएचच्या) उदासीन किंवा आम्लारी बाजूला बिघडतं. नमुना काढला की लगेच आम्ल घाला. त्यासोबत नॉरमेफेड्रोन आणि डायहायड्रोमेफेड्रोनही मोजा. कारखान्याचं पाणी गटारात आलं तर मूळ पदार्थ प्रचंड आणि शरीरात बनणारी रूपं जवळपास नाहीत असं दिसतं. पैठण, चाकूरकडच्या कारवाया बघता ही तपासणी सोडून चालणार नाही. आणखी एक, ३-एमएमसी नावाचा भाऊबंद त्याच वजनाचा असतो आणि त्याचे तुकडेही तसेच पडतात. साध्या सी-१८ कॉलमवर (यंत्रातल्या पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीवर) दोन्ही एकत्र येऊ शकतात. बायफिनाइल कॉलम वापरून बघा.

गांजापासून शरीरात बनणारं टीएचसी-सीओओएच या सगळ्यांत त्रासदायक. घेतलेल्याच्या साधारण अर्धा टक्काच लघवीत येतं, म्हणून हिशोबात १८०च्या आसपासचा गुणक लागतो आणि लहानशी चूक १८० पट होते. ते प्लास्टिकला, गाळाला आणि फिल्टरला चिकटतं. आम्ल घातलं तर अजूनच नाहीसं होतं. त्यासाठी वेगळी, आम्ल न घातलेली काचेची बाटली ठेवा. भांग आणि गांजा यातून वेगळे ओळखता येत नाहीत. एनडीपीएसमधल्या गांजाच्या व्याख्येत शेंड्यांशिवायची पानं आणि बिया येत नाहीत, त्यामुळं महाशिवरात्री आणि होळीच्या आकड्यांवरून बेकायदा वापराचं विधान करता येत नाही.


सिंदफणा

मांजराताई, फार कामाचं लिहिलंत. प्रयोगशाळेतली पायरी-पायरीची कृतीही द्या. आमच्याकडं यंत्र हाय, माणसं हायेत, पण सांडपाण्यावर कुणी काम केलेलं नाही. पहिल्यांदा काय बिघडंल ते सांगा.


मांजरा

देते, सिंदफणा दादा.

मिश्रण आल्यावर एक लिटर वेगळं घ्या आणि हायड्रोक्लोरिक आम्लानं सामू २ वर आणा. दुसरा भाग तसाच ठेवा, गांजासाठी. गाळायच्या आधीच ड्युटेरियमवाले अंतर्गत मानक (त्याच पदार्थाचं जड हायड्रोजनवालं रूप, माहीत प्रमाणात) घाला, म्हणजे गाळताना झालेला तोटा त्यांच्यातही दिसेल. प्रत्येक पदार्थाचं स्वतःचं मानक हवं. अल्प्राझोलमच्या मानकावर कोडीन मोजायला गेलात तर उत्तर भलतंच येईल.

आधी १.६ मायक्रॉन आणि मग ०.७ मायक्रॉनच्या ग्लास फायबर फिल्टरमधून गाळा. सुरुवातीलाच बारीक फिल्टर लावला तर दहा मि.ली.तच तो तुंबतो. नंतर ५० मि.ली. पाणी ६० मिलिग्रॅमच्या मिक्स्ड मोड कॅटायन कार्ट्रिजमधून (पदार्थ धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीतून). कार्ट्रिज आधी ३ मि.ली. मिथेनॉल, मग ३ मि.ली. शुद्ध पाणी, मग ३ मि.ली. सामू २चं पाणी यांनी तयार करा. नमुना मिनिटाला २ ते ३ मि.ली. वेगानं जाऊ द्या. व्हॅक्यूमवर दहा मिनिटं वाळवा. मग २ मि.ली. मिथेनॉल आणि त्यानंतर २ मि.ली. दोन टक्के अमोनिया असलेलं मिथेनॉल, दोन्ही एकाच नळीत घ्या. नायट्रोजनखाली वाळवून २०० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवा, सेंट्रिफ्यूज करा आणि इंजेक्ट करा. म्हणजे २५० पट घट्ट झालं.

मेफेड्रोन आणि मेथअँफेटामीन मुक्त अमाइन रूपात उडून जातात. नायट्रोजनखाली पार कोरडं करून तसंच ठेवलं तर अर्धं गेलेलं असतं. वाळवायच्या आधी आम्ल घातलेल्या मिथेनॉलचे एक-दोन थेंब टाका आणि तापमान ४० अंशांपुढं नेऊ नका.

आयनांच्या जोड्या, म्हणजे यंत्रात दिसणारं रेणूचं वजन आणि त्याच्या तुकड्यांची वजनं. अल्प्राझोलम ३०९ ते २८१ आणि २०५. ७-अमिनोनायट्राझेपाम २५२ ते १२१ आणि ९४. कोडीन ३०० ते १६५ आणि १५२. मेफेड्रोन १७८ ते १६० आणि १४५. बेंझॉयलएक्गोनीन २९० ते १६८ आणि १०५. टीएचसी-सीओओएच ऋण आयनात ३४३ ते २९९ आणि २४५. ट्रामाडोल २६४ ते ५८. याचा दुसरा आयन अशक्त असतो, म्हणून ओ-डेसमिथाइलट्रामाडोल, २५० ते ५८, सोबतीला मोजा. दोन आयनांचं गुणोत्तर मानकाच्या ३० टक्क्यांच्या आत आणि कॉलममधून बाहेर यायची वेळ ०.१ मिनिटाच्या आत असेल तरच सापडलं म्हणा.

पहिल्यांदा बिघडतं ते सांडपाण्यातल्या साबण-तेलामुळं. सिग्नल दबतो, कधी अर्ध्याहून जास्त. अंतर्गत मानकाचं क्षेत्रफळ शुद्ध पाण्यातल्यापेक्षा फार घसरलं तर नमुना दुप्पट पातळ करून परत चालवा. दर दहा नमुन्यांनंतर कोरा नमुना, आणि रोज एक नमुना माहीत प्रमाण घालून.

शुद्ध मानकं एनडीपीएसखाली येतात, ती अगदी सौम्य द्रावणाच्या अँप्यूलमध्ये आली तरी. परवानगीचे कागद नमुने घ्यायच्या खूप आधी सुरू करा. नमुने फ्रीजरमध्ये आणि मानक वाटेत, असं झालं की सगळी घाई वाया जाते.


बालाघाट

एवढ्या खर्चापेक्षा लघवी तपासायच्या पट्ट्या सांडपाण्यात बुडवल्या तर? त्या स्वस्तात मिळतात.


मांजरा

नाही चालणार, बालाघाट. कोकेनच्या पट्टीची नेहमीची मर्यादा ३०० नॅनोग्रॅम प्रति मि.ली., म्हणजे लिटरला ३ लाख नॅनोग्रॅम. सांडपाण्यात लिटरला काही दहा ते काही शेकडा नॅनोग्रॅम असतात. हजारो पटींचा फरक. आणि साबणामुळं पट्टी खोटं उत्तर देऊ शकते ते वेगळंच.


खाम_थडी

आकड्याचा एक नमुना देतो, पूर्ण काल्पनिक, फक्त हिशोब कळावा म्हणून.

प्रवाह ४० एमएलडी. अल्प्राझोलम लिटरला १० नॅनोग्रॅम. १० गुणिले ४ कोटी लिटर म्हणजे ४० कोटी नॅनोग्रॅम, ०.४ ग्रॅम. पाचवा हिस्सा बाहेर पडतो, म्हणून घेतलेलं २ ग्रॅम. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या तर दिवसाला ४००० गोळ्या.

आता याची जोड कशाशी लावायची? अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडोल, चारही शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची औषधं. मेडिकलवाल्यानं त्यांची वेगळी नोंदवही ठेवायची आणि ती ३ वर्षं जपायची असा नियम आहे. अन्न व औषध प्रशासनाकडून त्या प्लांटच्या हद्दीतल्या दुकानांची एकत्रित विक्री मिळाली, ती दिवसाला १५०० गोळ्यांची निघाली आणि गटारात ४००० दिसल्या, तर उरलेल्या २५०० कुठून आल्या हा खरा प्रश्न. युरोपात बेकायदा पदार्थ मोजतात म्हणून त्यांना ही वजाबाकी फारशी लागत नाही. आपल्याला तीच करायचीय.


दुधना

आणि लोकसंख्या? २०११ नंतर जनगणना झालेली नाही. संभाजीनगर तेव्हा पावणेबारा लाख होतं, आज वाळूज-चिकलठाण्याकडं बघितलं तर तो आकडा कशाला धरायचा?


खाम_थडी

त्यासाठी सांडपाण्यालाच विचारायचं. जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, आपल्या मॅन्युअलप्रमाणं माणशी रोज २७ ग्रॅम. ४० एमएलडीत लिटरला २१६ मिलिग्रॅम बीओडी असेल तर ८६४० किलो, भागिले २७ ग्रॅम, ३ लाख २० हजार माणसं. पण दूध डेअरी, कत्तलखाना किंवा मिठाईचे कारखाने असतील तर बीओडी खोटी लोकसंख्या दाखवते.

म्हणून सोबत अमोनिया नायट्रोजन घ्या. युरोपात माणशी साधारण ८ ग्रॅम धरतात. लिटरला ४५ मिलिग्रॅम असेल तर १८०० किलो, भागिले ८, सव्वादोन लाख. बीओडीपेक्षा लाखभर कमी. इथं कोण बरोबर यावर वाद घालायच्या आधी लक्षात घ्या की तो ८चा आकडा मांस-दूध भरपूर खाणाऱ्या देशांचा आहे. ज्वारीची भाकरी आणि वरणावर जगणाऱ्या वस्तीत तो कमी असणार. आपला आकडा आपणच काढायचा. शहराच्या एका भागात गटाराला जोडलेली घरं मोजा, सरासरी माणसं विचारा, त्या भागाच्या चेंबरवर दोन दिवस अमोनिया मोजा.

तुळजापूरची नवरात्र, नांदेडचा होला मोहल्ला, पैठणची नाथषष्ठी. त्या दिवसांत माणसं कित्येक पटींनी वाढतात. तेव्हा कायम लोकसंख्येनं भागलं तर गावाची उगाच बदनामी होते. अमोनियानं रोजची माणसं काढा, मगच भागा.

आकडा किती चुकू शकतो तेही सोबत छापा. २०१३च्या युरोपीय अभ्यासात सर्वांत मोठी अनिश्चितता लोकसंख्येचीच निघाली, ७ ते ५५ टक्के. नमुना घेण्याची, नीट घेतला तर, ५ ते १० टक्के. म्हणून एका वर्षाच्या १० टक्के वाढीवर बातमी करू नये. चार-सहा मोजण्यांत सलग दिसलं तर बोला.


सिंदफणा

लातूर, बीडला भुयारी गटार कमी, सेप्टिक टँक जास्त. मग तिथं हे करायचंच नाही का? मैला उपसणारे टँकर हायेत की, त्यांच्यातून घेता येईल.


गोदाकाठ

टँकरमधून घेता येईल, पण त्याचं उत्तर वेगळं. सेप्टिक टँक दोन-पाच वर्षांनी उपसतात. त्यात आज काय घेतलं ते कळत नाही, रोजचा भार काढता येत नाही आणि प्रवाह नावाची गोष्टच नाही. ‘हा पदार्थ या भागात वापरला गेलाय’ इतकंच म्हणता येतं. त्यासाठीही एका टँकरवर जाऊ नका, निदान वीस-पंचवीस घरांचे टँकर एकत्र करा. नाहीतर एका घराचीच झडती घेतल्यासारखं होईल.


बालाघाट

झडतीच घ्यावी की. वसतिगृहं, कोचिंग क्लासच्या गल्ल्या, ठरावीक मोहल्ले. चेंबर-चेंबर तपासलं तर पोलिसांना थेट पत्ता मिळंल. पोरं मरायलीत, तेव्हा खाजगीपणाचं काय घेऊन बसलाव?


तेरणा

बालाघाट भाऊ, तळमळ समजते. तरीही हे करू नये, आणि नुसत्या तत्त्वासाठी म्हणत नाही.

पहिलं, लहान वस्तीत मोजमापच उभं राहत नाही. दोनशे पोरांच्या वसतिगृहात दोघांनी घेतलं तर दिवसाला दहा गठ्ठे. १० मिनिटांच्या नमुन्यात त्यातले दोनच सापडतील किंवा सातही सापडतील. निव्वळ योगायोगावर एका वसतिगृहाचं नाव वर्तमानपत्रात जाईल. अल्प्राझोलम तर एखाद्या पोराला डॉक्टरनंच दिलेलं असू शकतं.

दुसरं, एकदा का मोहल्ल्याच्या नावानं आकडा आला, की पुढच्या वेळी चेंबर उघडू देणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल. हे काम मलनिस्सारण विभागाच्या भरवशावर चालतं. आज ऑपरेटर रात्री नळी साफ करतो, कारण त्याला ठाऊक असतं की यातून कुणाला पकडायचं नाही.

म्हणून मर्यादा आधीच कागदावर घ्या. किमान काही हजार माणसांचं क्षेत्र, एसटीपीपेक्षा लहान भागाचं मोजायचं नाही, शाळा-तुरुंग-वसतिगृह वेगळं नाही, आणि आकडा आरोग्य विभागाकडं आधी. त्यातून व्यसनमुक्तीच्या खाटा कुठं वाढवायच्या आणि कोणत्या औषधाच्या नोंदवह्या तपासायच्या हे ठरवता येतं. तेवढं जरी झालं तरी फार आहे.

आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, कुठल्याच कारणानं. हातानं मैला उपसण्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं गटाराच्या धोकादायक सफाईला मनाई आहे, आणि हायड्रोजन सल्फाइड वास येईनासा होतो तेव्हाच जास्त धोक्याचा असतो. नमुना वरूनच, दांड्यानं किंवा नळीनं. सॅम्पलरची नळी अडकली तर ती तोडून द्या, खाली कुणी जायचं नाही.


दुधना

हे पटलं. शेवटचा प्रश्न. आमच्याकडं लाइट जाते, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर. नमुने कसे टिकवायचे?


खाम_थडी

पहिल्या वर्षी एप्रिल-मे सोडाच. तरी करायचंच असेल तर वीज नसताना चालणारा बॅटरीवरचा सॅम्पलर आणि बाटल्यांभोवती बर्फ. दर आठ तासांनी बर्फ बघा, सावली करा. आत एक तापमान लॉगर ठेवा. ४ अंशांच्या आसपास हवं, ८च्या वर किती तास गेलं ते अहवालात लिहा. बर्फाचं पाणी बाटलीत शिरू नये म्हणून बाटल्यांची तोंडं पातळीच्या वर.

मेफेड्रोन आणि कोकेनसाठी बाटल्यांत आधीच आम्ल घालून ठेवता येतं, पण गांजाची बाटली वेगळी सॅम्पलरवर लावावी लागते. दोन सॅम्पलर नसतील तर गांजा सोडा, बाकीचं नीट करा.

मिश्रण झालं की त्याच दिवशी उणे २० अंशांवर. प्रत्येक दिवसाच्या २५० मि.ली.च्या तीन बाटल्या. एक तपासायला, एक परत तपासायला, एक दुसऱ्या प्रयोगशाळेसाठी. बाटली तीन चतुर्थांशच भरा, पाणी गोठलं की फुगतं आणि काच तडकते. प्रयोगशाळेला नेताना एसटीच्या पार्सलनं पाठवू नका. थर्माकोलच्या खोक्यात जेल पॅक घालून माणसानं सोबत न्या आणि वितळलेली बाटली परत गोठवू नका. वितळली तर त्याच दिवशी गाळून कार्ट्रिजमधून काढा आणि वाळवलेली कार्ट्रिज गोठवून ठेवा. तशी ती पाण्यापेक्षा जास्त दिवस टिकते, जागाही कमी लागते.